चहा पिल्याबिगर पुढं जाता येत न्हाई

पायी चालणारा आणि सायकल हाणणारा, एवढे दोन सोडले तर देवानं तिसरा माणूस घडवला आहे, यावर आमच्या व्याह्यांचा कधी विश्वास बसला नाही. मोटारीतून पुढारी येवो, एसटीतून सख्खा साडू उतरो, नव्या मोटारसायकलवरून गावातलं एखादं पोरगं धुरळा उडवत जावो, व्याही मान वर करीत नसत. तागडीत साखर घालत असले तर साखरच घालत राहत. पण वडवणीकडच्या चढावर लांब एखादा ठिपका दिसला, आणि तो ठिपका आवाज न करता पुढं सरकू लागला, की तागडी तशीच लोंबकळत सोडून व्याही रस्त्याच्या मधोमध. कपाळाला विभूतीचे पट्टे, अंगात बंडी, पोट बंडीच्या पुढं, आणि दोन्ही हात असे पसरलेले की जणू म्हशींचा कळप अडवायचा आहे. सायकलवाला घाबरून ब्रेक दाबायचा.

"थांबा. चहा पिल्याबिगर पुढं जाता येत न्हाई."

"का?"

"तसा नियमच हाय."

"कोणाचा नियम?"

"माझा."

एवढं झालं की सायकल व्याह्यांच्या ताब्यात आणि माणूस माझ्या लेकीच्या. ती चुलीवर आधण ठेवायची.

माझी लेक त्यांच्या घरात दिलेली. लेक गावातच दिली की सुख असतं असं म्हणतात. सुख एवढंच, की तिच्या घरात काय चाललंय हे सांगायला कोणाला यावं लागत नाही. रस्त्याच्या अलीकडं माझा ओटा, पलीकडं व्याह्यांचं किराणा दुकान, दुकानामागं घर. लग्नाच्या आधीच विहीणबाई वारल्या होत्या, म्हणून लेकीला सासू नव्हती. लोक म्हणाले, पोरीनं नशीब काढलं. मीही तसंच समजत होते. एका सासूच्या जागी तिला अख्ख्या हिंदुस्थानातले वाटसरू मिळणार आहेत, हे मला सोयरीक जुळवताना कोणी सांगितलं नव्हतं.

आमचं गाव वडवणी आणि तेलगावच्या मधे. गाव म्हणजे काय, एक फाटा, बाजूला घरं. पण त्याची गंमत अशी, की डांबरी रस्त्यानं लांबलांबचे सायकलवाले यायचे आणि डोंगरातून उतरणाऱ्या पायवाटेनं पायी माणसं यायची. कोणी परळीला निघालेलं, कोणी कपिलधारला, कोणी तुळजापूरला. ती पायवाट मारुतीच्या मागून खाली येते आणि नेमकी व्याह्यांच्या दुकानासमोर डांबरीला मिळते. यात व्याह्यांची करामत काही नव्हती. दुकान त्यांच्या वडलांनी टाकलेलं. पण व्याही असे बोलायचे, की दोन्ही वाटा त्यांनीच हाताला धरून तिथं आणल्या आणि एकमेकींची ओळख करून दिली.

त्या वर्षांत सायकलवर देश फिरायचं खूळच निघालं होतं. गावात रंगीत टीव्ही आले होते, काळ्यापिवळ्या जीपा सुरू झाल्या होत्या, थंड बाटल्यांच्या जाहिराती भिंतींवर चढल्या होत्या, आणि त्यातून ही पोरं घामाघूम होऊन सायकली हाणत यायची. पुढं पाटी, मागं बोचकं, हँडलला झेंडा. कोणी देशाच्या एकीसाठी निघालेला, कोणी दारूबंदीसाठी, कोणी झाडं लावा म्हणून. एकाच्या पाटीवर नुसतं 'काश्मीर ते कन्याकुमारी' होतं. कशासाठी, असं विचारलं तर म्हणाला, घरी करमत नव्हतं. मला तो एकटाच खरं बोलणारा वाटला.

व्याह्यांचे नियम पक्के होते. सायकलवाला आला की त्याला 'बसा' म्हणायचं नाही, हा पहिला नियम. "त्यो बसून बसूनच आलाय. त्याला बस म्हणणं म्हंजे शिवी हाय," असं ते माझ्या लेकीला समजावून सांगत. सायकलवाल्याला उभ्यानं चहा द्यायचा. थोड्या वेळानं तो आपण होऊन भिंतीला टेकतो, मग हळूच खाली उशी सरकवायची. ती उशी माझ्या लेकीच्या रुखवतातली. तिच्यावर तिनं स्वतः हिरव्या रेशमानं 'सुस्वागतम्' भरलं होतं. देशाच्या कानाकोपऱ्यातले सायकलवाले त्या सुस्वागतम् वर बसून गेले. पायी आलेल्याचं उलटं. त्याला आधी बसवायचं, मग परातीत कोमट पाणी, त्यात मीठ, त्यात पाय, मग फोडांना एरंडेल, आणि मगच भाकरी. एकदा लेकीची गडबड झाली आणि दक्षिणेकडच्या एका सायकलवाल्यापुढं तिनं पायाच्या पाण्याची परात नेऊन ठेवली. त्याला आपली भाषा येत नव्हती. त्यानं पाण्यात बोट बुडवून चाटलं, मीठ लागलं, आणि इकडं चहाच्या आधी हे घेत असतील असं समजून परात दोन्ही हातांनी उचलून पिऊन टाकली. वर हात जोडले. व्याही गहिवरले. म्हणाले, "बघा, कसा मानी माणूस हाय. न्हाई म्हणाला न्हाई."

चहा-भाकरीवर भागलं असतं तर मी काही बोलले नसते. पण व्याह्यांना सत्काराचा नाद होता. आमच्याकडं हा रोगच आहे. निवडून आला सत्कार, पडला सत्कार, दवाखान्यातून परत आला सत्कार. व्याह्यांनी त्यासाठी एक गुलाबी फेटा, झेंडूचे हार आणि एक नारळ कायमचा काढून ठेवलेला. हार ताजे, फेटा तोच, आणि नारळही तोच. पाहुण्याच्या हातात नारळ द्यायचा, टाळ्या झाल्या की म्हणायचं, "आणा इकडं, तुमाला वाटंत ओझं होईल," आणि परत फळीवर. आतलं खोबरं वाळून तो नारळ खुळखुळ्यासारखा वाजायचा. शेजारच्या मांडववाल्याचा भोंगा आणि माईक असायचा. पाहुण्यानं दोन शब्द बोललेच पाहिजेत, हा दुसरा नियम.

आता रस्त्यानं येणारा प्रत्येक सायकलवाला काही देश फिरत नसतो. एकदा मोठं बोचकं बांधलेला एक माणूस आला. व्याह्यांनी अडवला, उभ्यानं चहा पाजला, फेटा बांधला, नारळ दिला, काढून घेतला, आणि माईक पुढं केला. त्यानं बिचाऱ्यानं इकडंतिकडं बघितलं आणि घसा साफ करून म्हणाला, "चादर गॅरंटीची आहे. रंग गेला तर माघारी घेऊ." लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्याहीसुद्धा वाजवत होते. त्यांना वाटलं, देशाच्या एकीबद्दल काहीतरी खोल बोलला.

दुसऱ्या वेळी डोंगरातून एक एकटा माणूस उतरला, पायात चप्पल नाही, तोंड सुकलेलं. व्याह्यांनी विचारलं, "कुठपर्यंत?" तो म्हणाला, "जाईन तिकडं." एवढं मोठं उत्तर आजवर कोणी दिलं नव्हतं. व्याह्यांनी त्याचा असा सत्कार केला की हळदकुंकू लावून दोन हार घातले. खरी गोष्ट अशी, की तो माजलगावकडचा होता आणि बायकोशी भांडून घरातून निघालेला होता. बायको जीपगाडीतून त्याला शोधत आली. तिनं काय बघावं? नवरा गुलाबी फेट्यात, गळ्यात हार, कपाळाला हळद, भोंगा वाजतोय आणि माझी लेक ताट घेऊन पुढं चाललीय. "दुसरी करतोस व्हय रं, मुडद्या!" असं म्हणून तिनं त्याला फेट्याला धरून खाली ओढला. माझी लेक ताट टाकून माझ्या घरात पळाली. व्याही मधे पडले, "बाई, हे पदयात्री हायत." ती म्हणाली, "ह्यो? ह्यो शेजारच्या गल्लीत जायाला सायकल मागतो." शेवटी व्याह्यांनी तिचाही सत्कार केला तेव्हा ती शांत झाली. दोघं जीपमधे शेजारी बसून गेली. फेटा मात्र मला सबंध दुपार धुवावा लागला.

आणि रस्त्यांचं ज्ञान किती सांगावं! व्याही स्वतः फार तर वडवणीच्या बाजाराला गेलेले, आणि लेकाच्या लग्नाची खरेदी करायला बीडला. पण येणाऱ्याकडून ऐकायचं आणि जाणाऱ्याला सांगायचं, असं करून करून त्यांच्या तोंडात सगळा देश बसला होता. "हैदराबादच्या पुढं पाणी जड हाय, उकळून प्या." "जम्मूकडं कुत्री सायकलच्या मागं लागत न्हाईत. थंडीनं त्यांना उठूच वाटत न्हाई." "घाट लागला की सायकलवर बसून ऱ्हाऊ नका. मी बी घाटात बसत न्हाई." पोरं मान डोलवायची. वाटायचं, म्हातारा काय फिरलाय!

वाटायला कारणही होतं. दुकानात दर्शनी भागी एक सायकल उभी असायची. ती सायकल आम्ही लग्नात जावयाला दिलेली. जावयानं ती मांडवापासून घरापर्यंत चालवली, तेवढीच. दुसऱ्या दिवशी व्याह्यांनी तिला आंघोळ घातली, हँडलला विभूती लावली, झेंडा बांधला आणि लेकाला सांगून टाकलं, "ही लांब पल्ल्याची सायकल हाय. गावात फिरवून तिची वाट लावायची न्हाई." सीटवरचा कारखान्याचा प्लास्टिकचा कागद तसाच होता. बाजाराच्या दिवशी व्याही ती बाहेर काढत, गोणी कॅरिअरला बांधत, आणि हातात धरून चालत वडवणीला जात आणि चालतच परत येत. कोणी विचारलं तर म्हणत, "तिला आत्ताच दमवायचं न्हाई." गावाला वाटायचं, कधीतरी आप्पा मोठ्या प्रवासाला निघणार. गावात त्यांना सगळे आप्पाच म्हणत.

जावई मात्र कावलेला होता. त्याला एसटीडीचा बूथ टाकायचा होता. काचेचं कपाट, आत टेलिफोन, वर पिवळी पाटी. जागा एकच होती, सायकलची. "आप्पा, सायकल हालवा. उभी ऱ्हाऊन ऱ्हाऊन तिला मुळ्या फुटल्या."

"ती निघणार हाय," व्याही म्हणायचे.

"कवा?"

"येळ आली की."

ती वेळ एका रिटायर मास्तरांनी आणली. हे मास्तर नाशिककडचे, सत्तरीच्या पुढचे, अंगानं काडी, आणि सायकलवर रामेश्वरला निघालेले. दिवाळी होऊन थंडी पडली होती. व्याह्यांचा आनंद काय सांगावा! उभ्यानं चहा झाला, उशी झाली, फेटा झाला, नारळ जाऊन परत आला. गाव जमलं होतं. मास्तरांनी माईक घेतला आणि म्हणाले, "मी इतका फिरलो, पण रस्त्याची एवढी जाण असलेला माणूस मला भेटला नाही. आप्पा, तुमची सायकलही तयार आहे. उद्या सकाळी माझ्याबरोबर परळीपर्यंत चला. वैजनाथाचं दर्शन घेऊ, मग तुम्ही मागं फिरा, मी पुढं जाईन."

टाळ्या अशा वाजल्या की झाडावरचे कावळे उठले. व्याह्यांच्या हातात माईक होता, आणि हातात माईक असताना 'नाही' म्हणणारा माणूस आमच्या जिल्ह्यात जन्मायचा आहे. ते म्हणाले, "परळी म्हंजे काय लांब हाय! निघू की!"

मी माझ्या ओट्यावरून त्यांच्या तोंडाकडं बघत होते. तोंड हसत होतं. डोळे मात्र सायकलकडं असे बघत होते, जसं नवा बैल मारका निघाल्यावर बघतात.

दिवस मावळायला मी मागं खळ्यात कडब्याच्या पेंढ्या रचत होते. व्याही मागच्या वाटेनं आले, सायकल हातात धरून.

"विहीणबाई, एक काम होतं."

"बोला."

"जरा मागून धरता का?"

"काय?"

"सायकल."

मी पेंढी खाली ठेवली. "म्हंजे येत न्हाई."

"आसं कोण म्हणलं?"

"तुमचं धोतर म्हणलं. माझी लेक रोज धुती. एवढ्या वर्षांत त्याला चेनचं काळं एकदा लागलेलं न्हाई."

व्याह्यांनी धोतराच्या काठाकडं बघितलं. मग म्हणाले, "मी कुणाला सांगितलं का, मला येती म्हणून? लोकच म्हणले. मी फकस्त न्हाई म्हणालो न्हाई."

"आन मी बी घाटात बसत न्हाई, ते?"

"बसत न्हाईच की. खोटं काय त्यात?"

मी पदर खोचला. व्याह्याच्या सायकलचं कॅरिअर विहिणीनं धरायचं, हे आमच्या सोयऱ्याधायऱ्यांत आजवर कोणी केलं नसेल आणि पुढंही कोणी करू नये. ते दगडावर चढून सीटवर बसले. प्लास्टिकचा कागद करकरला. "सोडू नका बरं, विहीणबाई." मी म्हणाले, "सोडत न्हाई, पाय मारा." त्यांनी पाय मारला, सायकल एकीकडं गेली, व्याही दुसरीकडं, आणि दुपारपासून रचलेला माझा कडबा खळंभर झाला. दुसऱ्या खेपेला त्यांनी हँडल घट्ट धरलं आणि डोळे मिटले. त्या खेपेला आम्ही गोठ्यात गेलो. म्हैस दावं तोडून उठली. तिनं त्या रात्री दूध दिलं नाही, आणि मला ते पटलं.

व्याही कडब्यात बसून राहिले. डोक्यात चिपाडं. मी म्हणाले, "सांगा की पाय मुरगळला."

"खोटं बोलायचं न्हाई."

"मग खरं सांगा. गाव हासंल, दोन दिसांनी गप बसंल."

"हासू द्या हो. हासण्याचं काय?" त्यांनी हातातलं एक चिपाड मोडलं. "पण विहीणबाई, उद्यापासून मी रस्त्यात हात करून हुबा राहिलो तर कोण थांबंल? ज्याला चाकावर बसता येत न्हाई, त्याच्या हाताला कावून थांबायचं कुणी?"

मी त्यांना सांगणार होते की लोक चहासाठी थांबतात, हातासाठी नाही. पण ते तोंड बघून बोलले नाही. व्याह्यांना जगात दुसरं काही नव्हतं. पोरगा शेतात आणि बूथच्या नादात, बायको गेलेली, आणि रस्ता तेवढा दारात. मी म्हणाले, "चालता येतं न्हवं?"

"येतं."

"मग बाजाराला जाता तसं जा. सायकल हातात धरा आन चाला. परळी काय पळून जातीय?"

व्याह्यांनी डोक्यातली चिपाडं काढली. मग उठले, धोतर झटकलं, आणि सायकल घेऊन गेले. कडबा मलाच रचावा लागला.

सकाळी सगळं गाव फाट्यावर. गुलाबी फेटा आज व्याह्यांच्या डोक्यावर. माझ्या लेकीनं ओवाळलं, तिच्या डोळ्यांत पाणी. तिला खरंच वाटत होतं की सासरे सायकलवर बसणार आणि पडून मरणार. मास्तर टांग मारून तयार. व्याह्यांनी हँडल धरलं, स्टँड काढलं आणि चालू लागले. लोकांना वाटलं, दुकानापासून निघून बसतील. मारुतीपर्यंत गेले, बसले नाहीत. ओढ्याच्या पुलापर्यंत गेले, बसले नाहीत. कोणीतरी ओरडलं, "आप्पा, बसा की आता!"

व्याही वळले. माईक नव्हता, पण त्यांना लागतही नव्हता. "सायकलवर जाणारे मी लई बघितले. पायी जाणारे बी लई बघितले. आपला फाटा दोघांचा हाय. मग मी एकाची बाजू कावून घेऊ? माझी सायकल बी जाईल आन मी बी पायी जाईन. आसं आजपतूर कुणी केलं न्हाई!"

मग टाळ्या. 'आप्पांचा विजय असो' असं कोणी तरी म्हणालं, कशाचा विजय ते कोणालाच माहीत नव्हतं. मास्तर सायकलवरून उतरले आणि हातात धरून त्यांच्या बाजूनं चालू लागले. मास्तर हुशार माणूस. त्यांना सगळं समजलं असणार.

मला वाटलं, दुपारपर्यंत माघारी येतील. आले नाहीत. तेलगावहून आलेल्या जीपवाल्यानं सांगितलं की मास्तर तिथून सायकलवर बसून पुढं गेले, त्यांना रामेश्वर गाठायचं होतं, आणि आप्पा एकटेच फेटा बांधून सायकल ढकलत चाललेत. माझी लेक त्या दिवशी भाकऱ्या करून बसली आणि खायला कोणी नाही. तिला करमेना.

वडवणीच्या बाजाराच्या दिवशी परळीची एसटी फाट्यावर थांबली. टपावरून सायकल उतरली आणि मागच्या दारातून व्याही. गाव बाजाराला गेलेलं, रस्त्यावर कुत्रं नाही. फेटा डोक्यावर नव्हता, काखेत होता. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि भिंतीच्या कडेनं घरात शिरायला निघाले. मी ओट्यावरून उतरले आणि रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभी राहिले.

"थांबा. चहा पिल्याबिगर पुढं जाता येत न्हाई."

व्याही जागच्या जागी थबकले. मग म्हणाले, "कावून?"

"तसा नियमच हाय."

"कुणाचा?"

"तुमचाच, आन कुणाचा?"

त्यांचं तोंड बारीक झालेलं. माझी लेक पळत आली आणि मधेच थांबली. तिला कळेना, सासऱ्यांना सायकलवाला धरायचं की पायी. परात आणायची की उशी? मी म्हणाले, "दोन्ही आण." मग आम्ही त्यांना सुस्वागतम् वर बसवलं आणि पाय मिठाच्या पाण्यात सोडले. फोड एवढे आलेले की मोजायची सोय नव्हती. ते पाण्यात पाय हलवत हळूहळू बोलायला लागले.

"सगळ्या वाटंनं लोक एकच इचारायचे. पंक्चर का? मी म्हणायचो, न्हाई. मग म्हणायचे, चेन तुटली का? शिरसाळ्याला तर एका पंक्चरवाल्यानं इचारलं बी न्हाई, डायरेक चाक काढलं." आम्ही हसलो. तेही हसले. मग म्हणाले, "पण एवढ्या वाटंत थांबा म्हणलं न्हाई हो कुणी. तेलगावला चौकात मी फेटा बांधून लई येळ हुबा होतो. मला वाटलं, म्हणंल कोणी तरी. चा घ्या म्हणंल. मी आपला हुबा."

लेक माझ्याकडं बघायला लागली. मी उठून दुकानातल्या फळीवरचा नारळ काढला आणि त्यांच्या हातात दिला. फेटा मला बांधता येत नाही, तो नुसता डोक्यावर ठेवला. टाळ्या दोघींच्याच. व्याह्यांनी सवयीनं नारळ परत पुढं केला, "घ्या, ओझं होईल." मी म्हणाले, "ठेवा तुमच्याजवळ. आता कुठं जायचंय तुमाला?"

त्या रात्रीच त्यांनी जावयाला सायकल देऊन टाकली. "घे रं, चालव. ती जाऊन आली." महिन्याभरात तिच्या जागी काचेचं कपाट आलं, टेलिफोन आला, पिवळी पाटी लागली. मला वाटलं, चला, व्याह्यांचं खूळ संपलं. कसलं संपतंय! रस्त्यात हात पसरून उभं राहणं तसंच चालू राहिलं आणि लोकही तसेच थांबत राहिले. कोणी विचारलंच नाही की तुम्हाला सायकल येते का. फक्त आता पाहुणा निघून गेला की व्याही कपाटात शिरायचे, दार लावून घ्यायचे, आणि तेलगावच्या एसटीडीवाल्याला फोन लावायचे. "एक सोडलाय. निळा शर्ट, मागं हिरवं बोचकं. चा पाज. बस म्हणू नको, हुबा पाज." त्या तेलगाववाल्याला आधी वाटलं, कोणी चेष्टा करतंय. मग तो चिडला. मग फोन आला की चौकात जाऊन उभा राहायला लागला. जावई फोनाच्या नावानं ओरडायचा आणि व्याही कपाटाच्या आतून त्याला ऐकू येत नाही अशी खूण करायचे.

व्याही जाऊन आता बरीच वर्षं झाली. फार झिजले नाहीत, दोन दिवस ताप आणि गेले. बूथचं कपाट पुढं काही उपयोगाचं राहिलं नाही, लेक त्यात कोंबड्या कोंडते. रस्ता मोठा झाला. पायी माणसं अजून येतात, पण त्यांच्यामागं टेम्पो असतो, त्यात पाणी, त्यात गाद्या. सायकलवालेही येतात. डोक्याला टोपडं, डोळ्याला काळा चष्मा, सायकली अशा पळतात की तोंडाकडं बघेपर्यंत पाठ दिसते. मी ओट्यावर बसलेली असते. लांब चढावर ठिपका दिसला, आवाज न करता सरकू लागला, की माझा हात आपोआप वर जातो. त्यांना वाटतं, म्हातारी टाटा करतेय. तेही हात हलवतात, हसतात आणि निघून जातात. चहाचं आधण मला पुन्हा खाली उतरवून ठेवावं लागतं.